कर्जफेड तडजोड

कर्जफेड तडजोड म्हणजे मूळ अटींप्रमाणे कर्ज फेडणे ऋणकोला अशक्य झाले असता धनको व ऋणको यांनी संमतीने, बहुधा तिसऱ्या पक्षाच्या मध्यस्थीने, परतफेडीच्या नव्या अटी ठरविण्याची व्यवस्था होय. हप्ता लहान करणे, मुदत वाढविणे, व्याज किंवा दंड सोडून देणे, अथवा ठरावीक रक्कम एकदम घेऊन खाते बंद करणे हे तिचे नेहमीचे प्रकार आहेत. मध्यस्थाचे काम न्यायालय, सरकारी मंडळ, बँकेचे समुपदेशन केंद्र, सेवाभावी संस्था किंवा शुल्क आकारणारी खाजगी कंपनी करू शकते. या शेवटच्या प्रकारच्या कंपन्यांना बोलीभाषेत ‘लोन सेटलमेंट कंपनी’ म्हणतात.

तडजोडीतील वाद बहुधा रकमेवरून सुरू होत नाहीत. दूरध्वनीवर एका कर्मचाऱ्याने काय कबूल केले आणि खात्यात प्रत्यक्षात काय नोंदले गेले, यांतील अंतरावरून ते सुरू होतात. त्यामुळे वित्तसंस्थेच्या किंवा मध्यस्थ कंपनीच्या ग्राहकसेवेशी होणारा व्यवहार हा या विषयाचा गौण भाग नसून त्याचा गाभा आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास १८७९ पासूनचा आहे.

संज्ञा

कर्जमाफीत शासन धनकोला रक्कम देते व ऋणकोचे देणे संपते. कर्जमुक्तीत कायद्यानेच देणे नाहीसे होते. तडजोडीत मात्र देणे कायम राहते, केवळ त्याचे स्वरूप बदलते. वृत्तपत्रांतून हे तिन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात आणि त्यातून बराच गैरसमज होतो. शेतीकर्जाच्या मुदतवाढीला ‘पुनर्गठन’ आणि एकदम रक्कम भरून खाते मिटविण्याला ‘एकरकमी परतफेड’ म्हणण्याचा सहकार खात्यात प्रघात आहे. देणे पूर्ण फिटल्याबद्दलच्या पत्राला ‘बेबाकी दाखला’ म्हणतात. शहरी बँकांत त्यालाच ‘नो ड्यूज’ म्हटले जाते.

इतिहास

रोखे आणि दंगे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला व ही चळवळ पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ती ओळखली जाते. दंगेखोरांची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढा. कागद हाती येताच ते जाळले जात. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे मारहाण क्वचितच झाली.

कागदावरच एवढा रोष असण्याला कारण होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू होता. परंतु सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले. त्यात साचलेले व्याज मुद्दलात मिळविलेले असे आणि पुढचे व्याज त्या वाढीव रकमेवर चाले. रोखा सावकाराच्या पेटीत, हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ज्याच्या अंगठ्याने तो लिहिला गेला त्याच्या हाती काहीच नाही, अशी स्थिती होती. हप्ते भरूनही पावती नसल्याने ते भरल्याचे सिद्ध करता येत नसे.

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पुढे त्यातील अनेक कलमांचा विस्तार मुंबई इलाख्याच्या इतर भागांत करण्यात आला. कर्जवसुलीच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास त्याने बंदी घातली, आणि फेड हप्त्यांनी करून देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. रोख्यावरील आकडा तसाच न स्वीकारता व्यवहाराच्या आरंभापासूनचा हिशेब तपासण्याचे बंधनही न्यायालयावर आले. आजच्या भाषेत सांगायचे तर थकबाकीच्या विवरणपत्रावर विसंबून न राहता पहिल्या हप्त्यापासूनचा खातेउतारा मागविण्यासारखे हे होते.

तडजोडीच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. पहिली ‘कन्सिलिएटर’ म्हणजे तडजोड करून देणाऱ्या स्थानिक व्यक्तीची. शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्यापूर्वी सावकाराला तिच्यापुढे जावे लागे. तडजोड न झाल्यास ती तसा दाखला देई व त्या दाखल्याशिवाय न्यायालय दावा घेत नसे. तडजोड झाल्यास ती लिहून, पक्षकारांना वाचून दाखवून न्यायालयाकडे पाठविली जाई आणि मुदतीत हरकत न आल्यास तिला हुकूमनाम्याचे बळ मिळे. या व्यवस्थेचे यश संमिश्र होते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने ‘मान्य’ म्हणणे आणि त्याला ते समजणे यांत फरक आहे, आणि कन्सिलिएटर गावातलाच असल्यामुळे तो सावकाराच्या वजनापासून सर्वस्वी मुक्त असेलच असे नव्हते. कालांतराने ही तरतूद मागे पडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले होते.

दुसरी तरतूद अधिक साधी आणि अधिक टिकाऊ ठरली. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि मागणी केल्यास खातेपुस्तिका देणे सावकारावर बंधनकारक झाले. कागदाची एक प्रत प्रथमच ऋणकोच्या घरी आली.

घाटावर आणि घाटाखाली

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. जुन्नर ते कोकण हा प्राचीन व्यापारी मार्ग याच घाटाने उतरे आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा असल्याची परंपरा आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा जुन्नर तालुका पुणे जिल्ह्यात असल्याने १८७९ च्या कायद्याच्या कक्षेत आला. पायथ्याचा मुरबाड तालुका ठाणे जिल्ह्यातला, म्हणून मूळ कायद्याबाहेर राहिला. काही तासांच्या पायवाटेच्या अंतराने पावती मागण्याचा हक्क असा वेगळा झाला होता.

ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या बाबतीत कर्जाचे रूप रोख्याहून निराळे होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जाच्या बदल्यात जमीनमालकाकडे वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर, राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ मध्ये सादर केलेल्या आदिवासींविषयीच्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. येथे हप्ता पैशात नसून श्रमात होता आणि श्रमाचे मोल ठरविणारा धनकोच होता. अशा देण्याचा हिशेब कधीच पुरा होत नसे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी, उंबरगाव भागात झालेला वारली आदिवासींचा उठाव वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध होता.

त्याच १९३९ साली मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य कायद्याने कर्जाची तडजोड करणारी मंडळे निर्माण केली. १९४७ च्या सुधारित कायद्याने हे काम न्यायालयांकडे गेले. २२ ऑगस्ट १९७५ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी देणीच रद्द केली. बँका, सहकारी संस्था व शासन यांची कर्जे त्यातून वगळली होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात हा कायदा वैध ठरविला.

खाजगी तडजोड कंपन्या

वैयक्तिक कर्जे, क्रेडिट कार्डे आणि मोबाइल ॲपवरील कर्जे वाढली, तसा भारतात खाजगी तडजोड कंपन्यांचा व्यवसायही उभा राहिला. त्यांची कार्यपद्धती साधारण अशी असते. ग्राहकाशी करार करून नोंदणी शुल्क किंवा मासिक शुल्क घेतले जाते. ग्राहकाने दरमहा काही रक्कम बाजूला ठेवायची असते. वसुलीचे दूरध्वनी कंपनीकडे वळविण्याचे आश्वासन दिले जाते आणि पुरेशी रक्कम साठली की धनकोशी बोलणी करून कमी रकमेत खाते मिटविले जाते. वाचलेल्या रकमेचा काही हिस्सा कंपनी घेते.

या पद्धतीतील अडचण तिच्या रचनेतच आहे. बोलणी सुरू होण्यासाठी खाते थकीत असावे लागते, म्हणून ग्राहकाला हप्ते थांबविण्याचा सल्ला मिळतो. त्या काळात व्याज व दंड वाढत राहतो, पतअहवाल बिघडतो, जामीनदारावर तगादा सुरू होतो आणि धनको दावाही लावू शकतो. तडजोडीला होकार देण्याचे कोणतेही बंधन धनकोवर नाही. म्हणजे कंपनी ज्या गोष्टीचे शुल्क घेते ती गोष्ट तिच्या हातात नसते. ‘निम्म्या रकमेत कर्जमुक्त’ अशी जाहिरात वाचताना हे ध्यानात घेतले जात नाही.

रिझर्व्ह बँक अशा कंपन्यांना स्वतंत्र परवाना देत नाही. ११ डिसेंबर २०२३ रोजी तिने एका प्रसिद्धिपत्रकाद्वारे कर्जमाफीचे आमिष दाखविणाऱ्या अनधिकृत मोहिमांविरुद्ध जनतेला सावध केले. काही संस्था अधिकार नसताना ‘कर्जमाफीचे दाखले’ देण्यासाठी सेवाशुल्क व कायदेशीर शुल्क घेत असल्याचे त्यात नमूद होते. त्याउलट, रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या योजनेनुसार बँकांनी स्थापलेल्या वित्तीय साक्षरता व पतसमुपदेशन केंद्रांचा सल्ला विनाशुल्क असतो. बँक ऑफ इंडियाचे ‘अभय’ आणि आयसीआयसीआय बँकेचे ‘दिशा’ हे त्याआधीचे उपक्रम होत. ही केंद्रे फारशी लोकांच्या ओळखीची झाली नाहीत. जाहिरात मात्र प्रत्येक मोबाइलवर पोहोचते.

ग्राहकसेवेशी व्यवहार

दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित होते, पण ते मुद्रण कंपनीजवळ राहते. ग्राहकाजवळ आठवण राहते. १८७५ पूर्वीची वही आणि आजचे ध्वनिमुद्रण यांत या अंगाने फार अंतर नाही. शिवाय आज बोलणारा कर्मचारी उद्या त्या जागी असेलच असे नाही, आणि प्रत्येक वेळी सारी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव, दिनांक व वेळ टिपून ठेवणे आणि बोलण्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने किंवा नोंदणीकृत टपालाने कळविणे, ही पद्धत ग्राहक चळवळीत रूढ झाली आहे. ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या पत्राला कंपनीने उत्तर दिले नाही, तरी पुढे ते पुराव्यात उपयोगी पडते.

सेवाकेंद्रातील कर्मचारी आणि निर्णय घेणारा अधिकारी हे वेगळे असतात. तडजोडीची रक्कम मंजूर करण्याचा अधिकार सामान्यतः सेवाकेंद्राला नसतो, वसुली एजंटला तर नसतोच. ‘आज संध्याकाळपर्यंत एवढे भरा, बाकीचे मी बघतो’ हे वाक्य म्हणून निरर्थक ठरते. भरलेली रक्कम अशा वेळी तडजोडीची न मानता थकबाकीत जमा केली जाते आणि उरलेली मागणी कायम राहते.

मंजुरीपत्र मिळेपर्यंत तडजोड झालेली नसते. या पत्रात कर्जखात्याचा क्रमांक, तडजोडीची रक्कम, ती भरण्याची तारीख किंवा तारखा, एखादा हप्ता चुकल्यास होणारा परिणाम आणि उरलेली मागणी सोडून दिल्याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. शेवटचा उल्लेख नसलेली पत्रे पुष्कळ वेळा दिली जातात. ती केवळ भरण्याची विनंती असते. पत्र धनको संस्थेच्या नावाचे व अधिकृत सहीचे हवे. मध्यस्थ कंपनीच्या पत्राने धनको बांधला जात नाही. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले असल्यास धनको ती कंपनी ठरते, आणि जुन्या बँकेशी चाललेले संभाषण निष्फळ होते. त्यामुळे ‘आज या खात्याचा धनको कोण?’ हा प्रश्न सर्वांत आधी, लेखी विचारावा लागतो.

रक्कम नेहमी कर्जखात्यातच भरली जावी. एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआय क्रमांकावर भरलेली रक्कम शोधून काढण्यात महिने जातात. मध्यस्थ कंपनीकडे रक्कम साठविण्याचा करार असेल, तर ती कोणाच्या नावावरील खात्यात राहते, करार मोडल्यास किती दिवसांत परत मिळते आणि तडजोड न झाल्यास शुल्काचे काय होते, या तीन गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात. ग्राहकसेवेला विचारण्याजोगे खरे प्रश्न हेच आहेत, आणि पैसे देण्यापूर्वी विचारले तर त्यांची उत्तरे तत्परतेने मिळतात.

रक्कम भरल्यावरही काम संपत नाही. बेबाकी दाखला घेणे, खात्यातून आपोआप हप्ता वळता होण्याचा आदेश रद्द करणे, दिलेले कोरे धनादेश परत घेणे आणि पतअहवाल तपासणे ही कामे उरतात. कमी रक्कम घेऊन बंद केलेले खाते पतअहवालात ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि पुढचे कर्ज मागताना ही नोंद अडथळा ठरते. नोंद चुकीची असल्यास तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्याबद्दल विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली. तारण ठेवलेल्या स्थावर-जंगम मालमत्तेची मूळ कागदपत्रे, कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा तडजोडीने मिटल्यापासून तीस दिवसांत परत द्यावी लागतात. संस्थेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

शेतीकर्जाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरातील बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे किंवा सोसायटीचे बोजा कमी करण्याचे पत्र तलाठ्याकडे देऊन फेरफार नोंद प्रमाणित करून घ्यावी लागते. कर्ज फिटून वर्षे लोटली तरी उताऱ्यावर बोजा राहिल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. वारसांच्या वाटणीच्या वेळी ती उघड होतात.

वसुलीवरील निर्बंध

बँका व बिगर-बँक वित्तसंस्था यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये असे रिझर्व्ह बँकेचे १२ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक सांगते. एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी संस्थेवरच राहते. ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर त्यामुळे ग्राह्य नाही. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडात्मक व्याज लावण्यास मनाई केली. दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

ग्रामीण भागात महिलांच्या गटांना दिल्या जाणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जांसाठी १४ मार्च २०२२ चे स्वतंत्र निर्देश आहेत. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज त्यांत येते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. वसुली दोघांनी ठरविलेल्या जागी करावी. ऋणको लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे न आल्यासच कर्मचाऱ्याने घरी वा कामाच्या जागी जावे. सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर संपर्क करण्यास, नातेवाईक व सहकाऱ्यांना त्रास देण्यास आणि थकबाकीदारांची नावे जाहीर करण्यास मनाई आहे.

याच निर्देशांत कर्जकार्डाची तरतूद आहे. ऋणकोला समजेल अशा भाषेतील या कार्डावर कर्जाच्या अटी, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच, अखेरच्या फेडीची नोंद आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावे लागतात. १८७९ च्या खातेपुस्तिकेचाच हा नवा अवतार म्हणता येईल. हे कार्ड घरात असणे व ते भरलेले असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून हप्ता देतानाच नोंद करून घेण्याला महत्त्व आहे.

तक्रारीचे मार्ग

तक्रार कोणाकडे करायची हे धनको कोण आहे यावर ठरते, आणि पहिली चूक बहुधा येथेच होते. बँक किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्था असेल, तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास, १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली दाद मागता येते. ही तक्रार ऑनलाइन किंवा चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने करता येते. शुल्क नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत करता येते, परंतु वकिलामार्फत केलेली स्वीकारली जात नाही. वकिलाची नोटीस पाठविण्यासाठी शुल्क घेणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांना हे ठाऊक नसते.

लोकपाल काय करू शकत नाही हेही स्पष्ट आहे. तडजोड करावी की नाही हा धनकोचा व्यावसायिक निर्णय असल्याने ‘बँक तडजोड करीत नाही’ ही तक्रार टिकत नाही. ‘बँकेने लेखी तडजोड करून ती पाळली नाही’, ‘रक्कम भरूनही दाखला दिला नाही’, ‘एजंटाने अपमान केला’ या तक्रारी मात्र सेवेतील त्रुटीत मोडतात. २०२१ च्या मूळ योजनेत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचा समावेश नव्हता. पतसंस्था व विविध कार्यकारी सोसायट्या सहकार कायद्याखाली येत असल्याने त्यांच्याविरुद्धची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे करावी लागते.

खाजगी तडजोड कंपनी लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फसवणुकीच्या हेतूने पैसे घेतले असल्यास मार्ग पोलीस ठाण्याचा.

दावा दाखल होण्यापूर्वीची तडजोड लोकन्यायालयातही होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार लोकन्यायालयाचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नाही. म्हणून तेथे सही करण्यापूर्वी हप्त्यांच्या तारखा झेपतील अशा आहेत का, हे पाहणे अगत्याचे ठरते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

मुरबाड व शहापूर तालुके

शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या येथील प्रमुख आदिवासी जमाती आहेत. भाताचे एक पीक निघाल्यावर अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी, वीटभट्टीवर जातात. जाण्यापूर्वी मालक किंवा मुकादम यांच्याकडून पावसाळ्यातील खर्चासाठी ‘उचल’ घेतली जाते आणि हंगामभर काम करून ती फेडायची असते. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो व तो मालकाच्या वहीत असतो. बाकी निघाली की पुढच्या हंगामाचे काम आधीच ठरून जाते.

येथे तडजोडीची कल्पनाच मर्यादेला येते. उचलीपायी कामाची जागा सोडण्याचे स्वातंत्र्य राहिले नसेल किंवा किमान वेतन नाकारले जात असेल, तर ते वेठबिगारीत मोडते. २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू असलेल्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने असे देणे रद्दच केले आहे. त्याचे हप्ते पाडून देणारा मध्यस्थ, त्याचा हेतू कितीही चांगला असो, रद्द झालेले देणे पुन्हा जिवंत करतो. तक्रार जिल्हाधिकारी वा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे करावी लागते व मुक्तीचा दाखला तेच देतात. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी दीर्घकाळ काम केले आहे.

सावकारी कर्जांना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. अवैध सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता, व्यवहार तक्रारीपूर्वीच्या पंधरा वर्षांतील असल्यास, चौकशीअंती जिल्हा उपनिबंधक परत देवू शकतात. आदिवासी खातेदाराची जमीन कर्जापोटी बिगर-आदिवासीच्या नावे करता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार पूर्वपरवानगी लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे असावा असे म्हटले आहे. हा अधिकार ठरावाच्या वहीत क्वचितच उतरतो.

पावसाळ्यातील या गरजेसाठीच आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ पासून होती. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, शासनाने तिच्या जागी प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले. त्यातील निम्मी रक्कम रोख व निम्मी वस्तुरूपाने होती.

अन्य देश

अमेरिकेत २७ ऑक्टोबर २०१० पासून, दूरध्वनीवरून सेवा विकणाऱ्या तडजोड कंपन्यांना प्रत्यक्ष एखादे कर्ज मिटेपर्यंत शुल्क घेण्यास बंदी आहे. ब्रिटनमध्ये परतफेडीची मासिक योजना आखून देणाऱ्या संस्थांना वित्तीय आचरण प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि ‘स्टेपचेंज’सारख्या धर्मादाय संस्था हे काम विनाशुल्क करतात. इंग्लंड व वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून ऋणकोला साठ दिवसांची ‘उसंत’ मिळू शकते. त्या काळात बहुतेक कर्जांवरील व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते.

भारतात २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अशाच ‘नव्या आरंभा’ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, पात्र कर्जे ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ती आहे. मात्र कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता भाग वगळता संहितेचा व्यक्तींविषयीचा विभाग अंमलात आणलेला नाही. ग्रामीण महाराष्ट्रात वैयक्तिक नादारीला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू होतो.